चार्जिंगची सूचना आणि १२ व्होल्टचे सॉकेट

विजेवर चालणाऱ्या मोटारीत सहसा दोन बॅटऱ्या असतात. मोठी, शेकडो व्होल्टची, गाडी पळवते. छोटी १२ व्होल्टची. दिवे, दारांची कुलुपे आणि गाडीतले संगणक तिच्यावर चालतात. मोठी बॅटरी उर्वरित गाडीशी कॉन्टॅक्टर नावाच्या स्विचांनी जोडलेली असते, आणि ते स्विच ओढून धरायला छोट्या बॅटरीची वीज लागते. त्यामुळे मोठी ८० टक्के भरलेली असतानाही छोटी उतरली, तर गाडी जागची हलत नाही.

पेट्रोलच्या गाडीत छोटी बॅटरी अल्टरनेटर भरतो. इथे ते काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. आता ॲक्सेसरी सॉकेटमध्ये, म्हणजे आपण मोबाइलचा चार्जर खोचतो तिथे, व्होल्टमीटर लावा. शिसे-आम्लाची भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. कन्व्हर्टर चालू झाला की आकडा साधारण १३.५ ते १४.५ वर जातो. गाडी चार्जिंगला असताना बहुधा कन्व्हर्टरही चालू असतो, म्हणून १४ चा आकडा १२.६ वर उतरला तर चार्जिंग थांबले असण्याची शक्यता आहे. मोठ्या बॅटरीत किती टक्के आहे, हे मात्र या आकड्यावरून मुळीच कळत नाही. (काही गाड्यांत उभ्या गाडीचे सॉकेट बंदच होते, छोटी बॅटरी लिथियमची असेल तर आकडेही वेगळे.)

परीक्षेत हमखास चुकणारा भाग पुढचा. सॉकेटवर हवेचा पंप लावला, १० अँपिअर प्रवाह गेला आणि वाचन १३.८ वरून १२.८ वर आले. बॅटरी बिघडली का? तारेचा आणि जोडांचा रोध ०.१ ओहम धरा: १० × ०.१ = १ व्होल्ट. हा तारेतला व्होल्टपात आहे. बॅटरीची परीक्षा तिच्या टोकांवरच घ्यावी.

चार्जिंगच्या सूचना वेगळ्या परिपथातून येतात. एसी चार्जिंगच्या टाइप-२ केबलमध्ये कंट्रोल पायलट नावाची एक तार असते. गाडी जोडलेली नसताना तिच्यावर १२ व्होल्ट, जोडल्यावर ९, चार्जिंग चालू असताना ६. या १२ चा सॉकेटच्या १२ शी काही संबंध नाही! पुढे यावर १ किलोहर्ट्झचा चौरस तरंग असतो आणि त्याचे ड्यूटी सायकल सांगते की किती प्रवाह घ्यायचा: टक्के गुणिले ०.६. म्हणजे २५ टक्के असेल तर १५ अँपिअर.

आपल्याकडे घरी सर्वांत जास्त छळणारी सूचना अर्थिंगची. भिंतीतल्या सॉकेटला खरे अर्थिंग नसेल तर केबलवरची पेटी लाल दिवा लावते आणि वीज सोडत नाही. त्यावर एक 'जुगाड' सर्रास सांगितला जातो: सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडा. दिवा हिरवा होतो खरा, पण आता गाडीचा पत्रा न्यूट्रलला बांधला गेला. मागे कुठे न्यूट्रल तुटली, किंवा फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, की पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. पावसात ओल्या जमिनीवर उभे राहून दाराला हात लावणारा माणूस हाच मग अर्थिंगचा मार्ग बनतो. लाल दिवा दिसला तर परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा आणि तार तपासून घ्या, तोवर त्या सॉकेटवर गाडी लावू नका.