कवडशाचें चित्र

कौलारू घराच्या छपरांतून जमिनीवर उतरणारा कवडसा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तो गोल कां असतो, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनांत येतो. कौलांमधली फट कधीं त्रिकोणी, कधीं वेडीवांकडी. आणि तरी खालीं पडणारी आकृति मात्र वाटोळी! याचें कारण असें, कीं ती फटीची आकृति नव्हे, तें सूर्याचें चित्र होय. छिद्र पुरेसें बारीक व दहा फूट उंचीवर असेल, तर या चित्राचा व्यास एका इंचाहून किंचित् अधिक भरतो. खंडग्रास ग्रहणाच्या वेळीं हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. कैरो येथें कार्य केलेल्या इब्न अल्-हैथम (सुमारे ९६५ ते १०४०) यानें ग्रहणांतील या कोरीवर स्वतंत्र निबंधच लिहिला आहे. हंपीच्या विरूपाक्षाच्या देवालयांत तर गोपुराची उलटी प्रतिमा आंतल्या भिंतीवर उमटलेली यात्रेकरू आजही पाहतात. प्रकाश सरळ रेषेंत जातो. म्हणून शिखराकडचा किरण छिद्रांतून खालीं उतरतो आणि पायथ्याकडचा वर चढतो. उलटेपणाचें गूढ तें एवढेंच.

हा कवडसा डब्यांत धरून ठेवतां येतो. भिंगाची किंमत ज्याला परवडत नाहीं, अशा विद्यार्थ्यालाही खरेंखुरें छायाचित्र घेण्याची वाट त्यामुळें मोकळी होते.

दुधाच्या भुकटीचा किंवा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्यावा. झांकणही पत्र्याचेंच असावें. प्लॅस्टिकच्या झांकणांतून प्रकाश झिरपतो आणि दिवसभराची मेहनत फुकट जाते. डबा आंतून काळा रंगवावा. पण रंग चकचकीत नसावा. बाजूच्या मध्यावर रुपयाएवढें भोंक पाडून त्यावर आंतून पातळ पत्र्याचा तुकडा बसवावयाचा. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा याला उत्तम. खरें छिद्र या तुकड्यांत पाडावयाचें, आणि सारें यश त्यावरच अवलंबून आहे. सुई आरपार न घालतां तिचें टोंक नुसतें दाबावें, मागें आलेला फुगवटा पॉलिश पेपरनें घांसावा, पुन्हा सुई हलकेच फिरवावी. कडा गुळगुळीत नसेल तर चित्र धुरकट येतें.

छिद्र किती मोठें असावें? जितकें बारीक तितकें चित्र रेखीव, असा समज सहज होतो. तो अर्धाच खरा आहे. छिद्र फार लहान झालें कीं प्रकाशाच्या लहरी कडेपाशीं पसरतात आणि चित्र उलट पुसट होऊं लागतें. लॉर्ड रॅले यांनीं १८९१ सालीं या प्रश्नाचा गणितानें विचार केला. त्या गणिताप्रमाणें छिद्रापासून कागद १० सेंटिमीटरवर असल्यास सुमारें ०.४५ मिलिमीटरचें छिद्र योग्य ठरतें. अंतर चौपट केलें, तर छिद्र मात्र दुप्पटच करावयाचें.

लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलींत कृष्णधवल छपाईचा कागद छिद्रासमोर, त्याची मसाल्याची बाजू छिद्राकडे करून, बसवावा. छिद्रावर काळी चिकटपट्टी लावावी. मग डबा उन्हांतल्या दृश्यासमोर ठेवून त्यावर दगडाचें वजन द्यावें; हातांत धरून हें काम होत नाहीं. स्वच्छ उन्हांत अर्ध्या ते एका मिनिटानें आरंभ करावा, ढगाळ दिवशीं चौपट वेळ द्यावा. संध्याकाळच्या पिवळसर उजेडांत याहूनही अधिक लागतो. कारण हा कागद निळ्या प्रकाशानें लवकर जागा होतो व तांबड्याला जवळजवळ आंधळा असतो. रस्त्यावरून चालणारीं माणसें या मुदतींत नाहींशीं होतात. वड, देऊळ, पायऱ्या तेवढ्या उरतात.

येथें एक सूचना आवश्यक आहे. छिद्रांतून डोळा लावून सूर्याकडे कधींही पाहूं नये. ग्रहण पाहावयाचें तें सूर्याकडे पाठ करून, कागदावर पडलेल्या प्रतिमेंतच. डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा पुष्कळदां भरून येत नाहीं.

पहिला कागद बहुधा बिघडतो, आणि बरेच उत्साही लोक तेथेंच डबा अडगळींत टाकतात. वास्तविक तो बिघडलेला कागदच सर्व सांगून जातो. डेव्हलपरमध्यें तो सबंध काळा झाला, तर वेळ फार झाला किंवा झांकणाशीं फट आहे. पांढराच राहिला, तर वेळ अपुरा पडला, नाहीं तर कागद पालथा बसला. काळा पट्टा एकाच बाजूला असेल, तर फट त्याच बाजूला शोधावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि वेळ, ऊन, अंतर वहींत टिपून ठेवावें.

फिक्सरमधून काढून धुतलेल्या या निगेटिव्हवर आकाश काळें दिसतें. तें वाळल्यावर लाल दिव्यांतच कोऱ्या कागदाच्या मसाल्याशीं निगेटिव्हची चित्राची बाजू भिडवावी, निगेटिव्ह वर ठेवून त्यावर कांच दाबावी आणि कांहीं क्षण पांढरा दिवा लावावा. खालचा कागद त्याच द्रावणांतून काढला, कीं काळ्या आकाशाच्या जागीं उजळ आकाश येतें.