एक्झॉस्ट बदलल्यानंतरचे इंधन समायोजन (मोटारसायकल)

एक्झॉस्ट बदलल्यानंतरचे इंधन समायोजन म्हणजे मोटारसायकलचा मूळ एक्झॉस्ट काढून त्याजागी दुसऱ्या उत्पादकाचा एक्झॉस्ट बसवल्यावर इंजिनाला मिळणाऱ्या पेट्रोलचे प्रमाण बदललेल्या वायुप्रवाहाशी जुळवून घेण्याची प्रक्रिया होय. बोलीभाषेत संपूर्ण एक्झॉस्टलाच सायलेन्सर म्हटले जात असले तरी त्यात इंजिनाला जोडलेली बेंड पाइप, उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि आवाज कमी करणारा शेवटचा भाग यांचा समावेश होतो. एक्झॉस्ट बदलल्याने इंजिनाचा आवाज वाढला तरी त्याची शक्ती त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. समायोजनाची गरज आहे की नाही, हे आवाजावरून नव्हे तर मोजमापावरून ठरते.

पार्श्वभूमी

चार-स्ट्रोक इंजिनात निष्कास झडप बंद होण्यापूर्वीच अंतर्ग्रहण झडप उघडू लागते. या अल्प काळात दोन्ही झडपा एकाच वेळी काही प्रमाणात उघड्या असतात. बाहेर पडणाऱ्या वायूंमुळे पाइपमध्ये दाबाच्या लहरी निर्माण होतात. पाइपचा व्यास बदलतो तेथून किंवा पाइपच्या टोकापासून या लहरी परावर्तित होऊन झडपेकडे परततात. कमी दाबाची लहर नेमक्या वेळी पोहोचल्यास सिलिंडरमधील जळालेले वायू ओढले जातात व ताजे मिश्रण अधिक प्रमाणात आत येते. लहर चुकीच्या वेळी पोहोचल्यास उलट परिणाम होतो.

पाइपची लांबी व व्यास बदलला की लहरींची वेळ बदलते. त्यामुळे इंजिनाच्या काही फेऱ्यांना हवा जास्त, तर काही फेऱ्यांना कमी मिळते. इंजिनाला ठराविक ‘बॅक प्रेशर’ आवश्यक असते, हा प्रचलित समज अचूक नाही. मोकळा एक्झॉस्ट बसवल्यावर कमी वेगात ओढ घटते, याचे कारण अडथळा कमी झाला हे नसून लहरींचे गणित बिघडले आणि इंधनाचे प्रमाण जुनेच राहिले, हे असते.

मिश्रणाचे प्रमाण

शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. प्रत्यक्ष प्रमाण आणि हे आदर्श प्रमाण यांच्या गुणोत्तराला लॅम्डा म्हणतात. आदर्श मिश्रणाचा लॅम्डा १ असतो. त्यापेक्षा इंधन कमी असलेल्या मिश्रणाला लीन, तर जास्त असलेल्या मिश्रणाला रिच म्हणतात. एकसमान वेगाने जाताना लॅम्डा १ च्या आसपासचे मिश्रण योग्य ठरते. पूर्ण थ्रॉटलला मात्र जास्तीत जास्त शक्ती साधारणपणे लॅम्डा ०.८५ ते ०.९० दरम्यान मिळते. या वेळी जादा इंधनाच्या बाष्पीभवनामुळे ज्वलनकक्ष थंड राहण्यासही मदत होते.

पूर्ण भार असताना मिश्रण लीन झाल्यास ज्वलनकक्षातील तापमान वाढते व आघाती ज्वलनाचा (नॉकिंग) धोका निर्माण होतो. दीर्घकाळ असे चालल्यास दट्ट्याचा माथा वितळणे किंवा निष्कास झडप जळणे असे नुकसान होऊ शकते. नुकसान होण्यापूर्वी चालकाला त्याची स्पष्ट सूचना मिळेलच असे नसते. दोन-स्ट्रोक इंजिनात वंगण तेल पेट्रोलसोबतच आत जाते. त्यामुळे मिश्रण लीन झाले की वंगणही घटते व इंजिन जाम होण्याची शक्यता वाढते. मिश्रण फार रिच झाल्यास इंधनाचा खप वाढतो, स्पार्क प्लगवर काजळी धरते, सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुतले जाते आणि उत्प्रेरक परिवर्तक अतितप्त होऊ शकतो.

कार्ब्युरेटर असलेली इंजिने

कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या उघडझापेनुसार वेगवेगळे भाग इंधन नियंत्रित करतात. बंद स्थितीपासून सुमारे पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट व मिश्रणाचा स्क्रू, पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत नीडल आणि त्यापुढे मेन जेट यांचा प्रभाव मुख्य असतो. या टप्प्यांच्या सीमा काटेकोर नसतात.

मोकळ्या एक्झॉस्टनंतर सामान्यतः मेन जेट एका क्रमांकाने मोठा करून चाचणी घेतली जाते. नीडलवरील क्लिप एका खाचेने खाली बसवल्यास नीडल वर उचलली जाते व मधल्या टप्प्यात मिश्रण रिच होते. मिश्रणाचा स्क्रू इंधन नियंत्रित करणारा असेल तर तो सैल केल्याने मिश्रण रिच होते. तो हवा नियंत्रित करणारा असेल तर परिणाम उलटा होतो. म्हणून स्क्रू कोणत्या प्रकारचा आहे हे आधी निश्चित करावे लागते. एका वेळी एकच भाग बदलणे व प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे आवश्यक मानले जाते.

इंधन अंतःक्षेपण असलेली इंजिने

इंधन अंतःक्षेपण प्रणालीत इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक (ईसीयू) ठरवतो. मंद गतीत व एकसमान वेगात नियंत्रक एक्झॉस्टमधील ऑक्सिजन संवेदकाच्या संकेतानुसार मिश्रण सतत सुधारत असतो. थ्रॉटल जास्त उघडल्यावर मात्र तो बहुधा हा संकेत बाजूला ठेवून स्मृतीतील तक्त्यानुसार इंधन देतो. थ्रॉटलची स्थिती व इंजिनाच्या फेऱ्या या दोनच गोष्टींवर आधारलेल्या तक्त्याला वायुप्रवाहातील बदल कळत नाही. त्यामुळे समायोजनाची खरी गरज जास्त थ्रॉटलच्या टप्प्यात भासते.

केवळ शेवटचा भाग बदलला असून परिवर्तक व संवेदक मूळ जागी असतील, तर अनेक मोटारसायकलींना वेगळे समायोजन लागत नाही. बेंड पाइपसह संपूर्ण एक्झॉस्ट बदलल्यास किंवा सोबत एअर फिल्टरही बदलल्यास ते सहसा लागते. त्यासाठी नियंत्रकातील तक्ता नव्याने लिहिणे किंवा मूळ नियंत्रक व इंजेक्टर यांच्यामध्ये पूरक नियंत्रक बसवणे, असे दोन मार्ग वापरले जातात. ऑक्सिजन संवेदकाचा संकेत बदलून नियंत्रकाला अधिक इंधन द्यायला लावणारी स्वस्त उपकरणेही मिळतात. परंतु ती मुख्यतः कमी थ्रॉटलच्या टप्प्यातच परिणाम करतात, त्यामुळे पूर्ण भारातील लीन मिश्रण तसेच राहू शकते.

मापन व चाचणी

समायोजनापूर्वी जोडांमधील गळती तपासली जाते. संवेदकाच्या अलीकडे गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण लीन असल्याचा खोटा संकेत मिळतो आणि नियंत्रक विनाकारण जादा इंधन देतो. थ्रॉटल सोडल्यावर फटाक्यांसारखे आवाज येण्याचे कारणही अनेकदा हीच गळती असते.

मूळ ऑक्सिजन संवेदक बहुधा मिश्रण लॅम्डा १ च्या कोणत्या बाजूला आहे एवढेच दाखवतो. समायोजनासाठी विस्तृत मापनकक्षेचा संवेदक लागतो. डायनोवर प्रत्येक थ्रॉटल स्थितीत व फेऱ्यांवर लॅम्डा आणि टॉर्क मोजून तक्ता दुरुस्त करणे ही सर्वांत विश्वासार्ह पद्धत आहे. स्पार्क प्लगचा रंग पाहून अंदाज बांधण्याची जुनी पद्धत कार्ब्युरेटरसाठी अजूनही वापरली जाते, मात्र आधुनिक पेट्रोलमुळे प्लगवर रंग उशिरा उमटतो.

उंची व इथेनॉलचा प्रभाव

समुद्रसपाटीवरील मुंबईच्या तुलनेत सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर येथे हवेची घनता सुमारे १२ टक्क्यांनी कमी असते. मुंबईत जुळवलेला कार्ब्युरेटर त्यामुळे घाट चढताना रिच होत जातो. अंतःक्षेपण प्रणाली हवेचा दाब मोजून ही तफावत भरून काढते.

इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याच्या ज्वलनाला हवा कमी लागते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचे आदर्श प्रमाण सुमारे १३.५ आहे. शुद्ध पेट्रोलसाठी मोठा केलेला जेट अशा इंधनासाठी लहान पडू शकतो. याच कारणामुळे हवा-इंधन गुणोत्तराऐवजी लॅम्डा वाचणे सोयीचे ठरते.

भारतातील कायदेशीर तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनाला आवाज कमी करणारे साधन असणे बंधनकारक आहे. निर्मितीच्या टप्प्यावर दुचाकींसाठी ८० घनसेंमीपर्यंत ७५, ८० ते १७५ घनसेंमीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल अशी आवाजाची मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९०(२) नुसार आवाज व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. महाराष्ट्रातील शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याच्या घटना घडल्या आहेत.

इंधनाचे समायोजन अचूक असले तरी त्यामुळे बेकायदेशीर एक्झॉस्ट वैध ठरत नाही. उत्प्रेरक परिवर्तक काढून टाकल्यास कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे उत्सर्जन वाढते आणि कोणत्याही समायोजनाने त्याची पूर्ण भरपाई होत नाही. मूळ एक्झॉस्ट व मूळ तक्ता जपून ठेवल्यास वाहन पूर्वस्थितीत आणणे शक्य होते.