पहिला घास माझा!

टोकियोत लेकीने आम्हा दोघी आयांना एका बड्या जपानी हॉटेलात जेवायला नेलं. कच्चा मासा खावा लागणार, या धास्तीने गेले होते. पण घशाशी अडकलं ते वेगळंच काहीतरी.

“दारूच्या दुकानात जेवायला जायचं? आणि तेही आपण तिघी बायकांनीच?”

विहीणबाईंनी हातातला कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी लेकीकडे पाहिलं. ती आपली हसत होती.

गेल्या वर्षीची गोष्ट. लेक-जावई टोकियोत नोकरीला. वर्षाच्या नातवाला बघायला मी चिपळूणहून आणि विहीणबाई सांगलीहून, अशा आम्ही एकाच विमानाने गेलो होतो. त्यांचं घर निशिकासाई भागात. २००० सालच्या आसपास त्या ‘वाय-टू-के’च्या गोंधळामुळे आपले बरेच कॉम्प्युटर इंजिनीअर जपानला गेले, त्यातले पुष्कळजण याच भागात राहिले. आता तर तिथली भारतीय वस्ती इतकी वाढलीय, की २०१९ मध्ये तिथल्या एडोगावा वॉर्डात योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ नगरसेवक म्हणून निवडून आले होते. त्यामुळे हिंग, पोहे, तूरडाळ सगळं मिळतं. टोकियोत महिनाभर राहून आम्ही दोघी पोळी-भाजीच करत होतो म्हणा ना!

परत निघायच्या आदल्या आठवड्यात लेकीने फर्मान काढलं. “शनिवारी रात्री स्वयंपाकघर बंद. बाळाकडे तुमचा मुलगा बघेल. आपण तिघी इझाकायात जाऊ.”

इझाकाया म्हणजे काय, तर शब्दाची फोड केली तर ‘बसून साके प्यायचं दुकान’. साके म्हणजे तांदळाची दारू. जुन्या काळी टोकियोचं नाव एडो होतं. तेव्हा साके विकणाऱ्या दुकानांत लोक तिथेच बसून पिऊ लागले, मग सोबत चार पदार्थ आले आणि त्यातून इझाकाया झाले. ऑफिस सुटल्यावर पुरुषांनी घोळक्याने जायची ही जागा. हल्ली मात्र उंची, नव्या धाटणीचे इझाकाया निघालेत. जेवण नंबर एक, एका बाजूला सुशीचा काउंटर, आणि बायका-मुलीही तितक्याच. लेकीला नोकरीत बढती मिळाली होती, त्याची ही पार्टी.

“मी माळकरी घरातली,” विहीणबाई म्हणाल्या. “मी घरी थांबते. बाळही रडेल.”

“अहो आई, मी चार दिवस आधीच फोन करून तुमचं सांगून ठेवलंय. आणि बाळाला खिचडी त्याचे बाबाच भरवणार आहेत.”

आपला मुलगा घरी खिचडी भरवतोय आणि आपण बाहेर जेवायला, हे विहीणबाईंना दारूपेक्षा जास्त लागलं असावं. पण आल्या.

भज्या, भरीत आणि दुधीसुद्धा!

गिन्झा भागातल्या एका उंच इमारतीत, लिफ्टने वर गेल्यावर कापडी पडदा बाजूला सारून आत शिरलो. “इराश्शाइमासे!” असा एकदम पाच-सहा जणांनी पुकारा केला. मी दचकलेच. तर त्याचा अर्थ नुसता ‘या, या’! फिकट लाकडाचं लांबलचक काउंटर, पलीकडे स्वयंपाकी, मंद दिवे. शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाच्या चार जणी बीअर पीत खिदळत होत्या. कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नव्हतं, आणि आमच्याकडेही नाही. मी पदर सावरायचं सोडून दिलं.

बसल्या बसल्या गरम ओला टॉवेल आला. तो फक्त हात पुसायला, तोंड-मान पुसायची नाही हं! मग न मागताच एकेक चिमुकली वाटी आली. याला ‘ओतोशी’ म्हणतात. हे फुकट नसतं, बिलात लागतं, तेव्हा कधी गेलात तर भांडू नका. प्यायला आम्ही ऊलाँग चहा घेतला. दारू न पिणारे तिथे सर्रास तोच घेतात, कोणी हसत नाही.

शाकाहाराची खरी गोम पुढे आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ नावाचं पाणी. समुद्रातली कोम्बू नावाची वाळवलेली वनस्पती आणि धुरी देऊन लाकडासारखा कडक केलेला कुपा मासा, त्याचा कीस, यापासून ते बनतं. म्हणजे वरून भाजी दिसली, तरी खाली मासा असतोच. नुसतं ‘मांस-मच्छी नको’ म्हणून भागत नाही. ‘दाशीसुद्धा माशाची नको, कोम्बूची चालेल’ असं स्पष्ट सांगावं लागतं, तेही आधी. या कोम्बूचीच एक गंमत. किकुनाए इकेदा या प्राध्यापकाने १९०८ मध्ये तिच्या पाण्यातली चव वेगळी काढून दाखवली, तिला ‘उमामी’ नाव दिलं. त्यातूनच पुढे बाजारात आलं ते अजिनोमोटो. आपल्या नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवरचं तेच ते!

एकेक बशी येऊ लागली. इझाकायात ताट नसतं. छोट्या बशा मधोमध ठेवायच्या आणि सगळ्यांनी मिळून खायचं. मीठ घालून उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा आल्या, त्या ‘एदामामे’. विहीणबाईंनी हुरड्याला बसल्यासारखा फडशा पाडला. मग भाजलेलं वांगं, वर गोडसर मिसोचा लेप. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट गोळा. “भरीतच की हो, फक्त कांदा-मिरची विसरले,” विहीणबाई म्हणाल्या. भाज्यांचा तेंपुरा आला. तो तर भज्यांचा गोरा भाऊ! पोर्तुगीज सोळाव्या शतकात जपानला गेले, त्यांच्याकडून तो आला असं मानतात.

आणि मग भाताच्या छोट्या गुंडाळ्या आल्या, मधे तपकिरी काहीतरी. विहीणबाईंनी संशयाने विचारलं, “हे काय?”

“अहो आई, कानप्यो. दुधी!”

खरंच दुधी. आपल्या दुधीच्याच जातीचं मोठं गोल फळ असतं, त्याच्या लांब फिती काढून उन्हात वाळवतात आणि मग सोया सॉस-साखरेत शिजवतात. आपण वाळवण घालतो तसंच की! विहीणबाई मान हलवत म्हणाल्या, “हजारो मैलांवर येऊन दुधीच खायचा होता तर! पण छान लागतोय हो.”

वाट बघू नकोस

मग मला आणि लेकीला काउंटरवर बोलावलं. विहीणबाईही कुतूहलाने येऊन बसल्या.

मैत्रिणींनो, सुशी म्हणजे कच्चा मासा हा आपला गैरसमज. सुशी म्हणजे व्हिनेगर, मीठ घातलेला भात. वर मासा असो, अंड्याचं गोडसर आम्लेट असो, नाहीतर काकडी. मुळात ही मासा टिकवायची युक्ती होती. मीठ लावलेला मासा भातात महिनोन् महिने दाबून ठेवायचा आणि आंबलेला भात टाकून द्यायचा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडो शहरात भातावर माशाचा तुकडा दाबून लगेच हातात द्यायची पद्धत आली. आज हजारो येन मोजून खातात ती ही सुशी तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळायची. आपल्या वडापावसारखी!

मी कोकणातली, त्यामुळे पहिलाच मासा ओळखीचा निघाला. साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. तो अगदी कच्चा नव्हता, मीठ लावून व्हिनेगरात मुरवलेला होता. (एक सांगते, आपल्या बाजारातली मासळी घेऊन घरी हा प्रयोग मुळीच करू नका. कच्ची खायची मासळी तिथे पकडल्यापासून वेगळी हाताळतात.)

स्वयंपाक्याने तो तुकडा माझ्यासमोर ठेवला. मी हात मांडीवर घेऊन बसले. लेकीचा यायचा होता, विहीणबाईंचा काकडीचा यायचा होता. सगळ्यांचं वाढून झालं की खावं, असा विचार. स्वयंपाक्याने माझ्याकडे पाहिलं, मग तुकड्याकडे, मग लेकीला हळूच काहीतरी म्हणाला.

“आई, खा. वाट बघू नकोस. भात कोमट आहे तोवर खायचं, म्हणून ते एकेकच देतात. थांबलीस तर त्यांची मेहनत वाया जाते.”

चॉपस्टिक्सची भीती होती, पण सुशी हाताने खाल्ली तरी चालते. मी उचलली, तोंडात टाकली. भात खरंच अंगाच्या उबेइतका कोमट. आंबट, खारट, मग आतून वासाबीचा झणका थेट नाकात. डोळ्यांत पाणी आलं. लेकीला वाटलं, वासाबीच. मी तसंच वाटू दिलं.

खरं सांगू? लग्नाला चौतीस वर्षं झाली. तव्यावरची पहिली भाकरी, पहिला तळलेला तुकडा कधी माझ्या पानात पडल्याचं मला आठवत नाही. कोणी मनाई केली नव्हती. मीच घेतला नाही. आणि इथे एक परका माणूस माझं तोंड बघत उभा होता, मी गरम असताना खाते की नाही म्हणून.

चार दिवस आणि सव्वीस दिवस

काउंटरपलीकडे दुसरी स्वयंपाकीण होती, पंचविशीची पोरगी. विहीणबाईंची काकडीची सुशी तीच करत होती. मी लेकीला म्हटलं, “किती छान हात चालतोय!” तेव्हा लेकीने सांगितलं, की सुशीच्या काउंटरमागे बाई दिसणं अजूनही कमीच. बायकांचे हात गरम असतात, त्याने मासा बिघडतो, असं तिथे पिढ्यान् पिढ्या सांगत आले. २०११ मध्ये तर टोकियोच्या एका नामांकित सुशी घराण्यातल्या मुलाने मुलाखतीत सांगितलं होतं, की बायकांना पाळी येते, त्यामुळे त्यांच्या जिभेची चव एकसारखी राहत नाही. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, टोकियोतल्या अकिहाबारा भागात निव्वळ बायकांनी चालवलेलं सुशीचं दुकान निघालं होतं.

“म्हणजे घरी रोज बाईने रांधायचं,” मी म्हटलं, “आणि पैसे मिळायला लागले की हात गरम?”

मी हसले, पण शेजारी कोणी हसलं नाही. विहीणबाई त्या पोरीच्या हातांकडे बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? चार दिवस बाहेर, सव्वीस दिवस आत.” मग लेकीकडे न बघताच म्हणाल्या, “पहिल्या गणपतीत मी तुला मागच्या खोलीत बसवलं होतं. ताट दाराशी ठेवलं होतं तुझं. आठवतं का गं?”

लेक गप्प. मला आठवत होतं. सहा वर्षांपूर्वी त्या खोलीतून तिने मला फोन केला होता. रडत होती. आणि मी काय म्हटलं? “सांभाळून घे बाळा, चारच दिवस आहेत.” त्यानंतर आम्हा तिघींपैकी कोणीच हा विषय काढला नव्हता. इतकी वर्षं मी मनातल्या मनात विहीणबाईंना दोष देत होते. पण दार त्यांनी लावलं, तर कडी मीही घातलीच होती.

“सासूबाईंनी मला बसवलं, म्हणून मी तुला,” विहीणबाई म्हणाल्या. “चुकलंच ते.”

मीही मग म्हटलं, “आणि मी तुला घ्यायला यायला हवं होतं.”

लेक काही बोलली नाही. जपानी रीत अशी, की आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा. तिने चहाची किटली उचलली, आधी सासूचा पेला भरला, मग माझा. मग विहीणबाईंनी तिच्या हातून किटली घेतली आणि तिचा भरला. तेवढ्यात त्या स्वयंपाकीण पोरीने काकडीची सुशी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी कोणाची वाट न बघता उचलली.

बिल तिघींचं तीस हजार येनच्या घरात, म्हणजे सतरा-अठरा हजार रुपये! मला घेरीच यायची, पण बढती लेकीची होती, मी कोण बोलणार? टीप द्यायची नाही, तिथे ती पद्धतच नाही. निघताना सगळे जेवणारे म्हणतात, “गोचिसोसामा.” म्हणजे जेवणाबद्दल आभार. लेकीने सांगितलं, की या शब्दाच्या पोटात ‘धावाधाव’ असा अर्थ आहे. माझ्या एका जेवणासाठी तुम्ही जी धावपळ केलीत, तिच्याबद्दल आभार. आमच्या धावपळीला असा शब्द कोणी दिला असता तर!

घरी आलो तेव्हा बाळ झोपलेलं. ओट्यावर खिचडीचं पातेलं तसंच होतं, भांडी घासलेली नव्हती. विहीणबाई सवयीने ओट्याकडे वळल्या, मग थांबल्या आणि मुलाला म्हणाल्या, “उद्या सकाळी घासशील ना रे?”

चिपळूणला परत आल्यावर पहिल्याच रविवारी सुरमई आणली. मीठ-हळद, आगळ, तिखट लावून ठेवलं आणि यांना म्हटलं, “आज तव्यापाशी तुम्ही उभे राहा. मी बसते.” हे बघतच राहिले. बरीच भवति न भवति झाली, पण उभे राहिले. पहिला तुकडा थेट माझ्या ताटात आला. एका बाजूने जरा करपला होता.

पण गरम होता.