सडपातळांचा मधुमेह

मधुमेह हा स्थूल माणसांचाच रोग, ही समजूत पुण्यामुंबईप्रमाणें आमच्या खडवलीसही आढळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानें तिला धक्का दिला आहे. १९९३ सालीं त्यांनीं पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. तेथील अर्भकें सरासरी २.७ किलो वजनाचीं, इंग्लंडमधील ३.५ किलोंचीं, परंतु कातडीखालील चरबी त्या मानानें कमी नव्हती. अशा देहांत इन्सुलिनचा प्रभाव उणा पडतो व अधिकाधिक तें पुरवितां पुरवितां स्वादुपिंड थकतें. ज्या मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीं हा दोष विशेष दिसला. शाकाहारी घरांत ब-१२ मुख्यतः दूधदुभत्यांतूनच मिळतें. तेव्हां गर्भवती सुनेच्या पानांत मागें उरलेलें नव्हे, तर पहिलें दहीं वाढावें, असें आम्हीं गृहिणींस सुचवितों.