धाकट्याच्या हाती स्टिअरिंग!

घरातल्या शेंडेफळाला अठरा पूर्ण झाली, की पहिला डोळा कुणाच्या कारवर? अर्थात तुमच्या! हप्ते तुमचे, हौस त्याची. मग त्याच्यासाठी वेगळा इन्शुरन्स काढायचा का? गरज नाही. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. थर्ड पार्टीचा प्रीमियम इंजिनच्या सीसीवर ठरतो, चालवणाऱ्याच्या वयावर नाही. कारच्या नेहमीच्या पॉलिसीत शिकाऊ ड्रायव्हरही कव्हर होतो. फक्त तीन गोष्टी सांभाळा:

• लर्निंग लायसन्स चालू हवं. त्याची मुदत सहा महिने.
• शेजारी पक्कं लायसन्स असलेलं कुणीतरी हवंच. कॉलेजचा मित्र नुसता 'कंपनी' म्हणून चालणार नाही.
• पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा.

यातलं काही राहिलं आणि गाडी ठोकली, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. समोरच्याची भरपाई कंपनीने दिली, तरी कोर्ट ती तुमच्याकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं.

आता बचतीचं बोलू. सलग पाच वर्षं क्लेम नसेल, तर ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. एका क्लेममध्ये तो शून्यावर! म्हणून बंपरला ओरखडा आला, तर आधी गॅरेजचं बिल आणि बुडणारा बोनस यांचा हिशेब मांडा.

आणि हो, नुसतं 'अठरावं लागलंय' म्हणून चावी देऊ नका. २०१९च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीनाने गुन्हा केला, तर गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. त्यापेक्षा सहा महिने थांबलेलं स्वस्त!