टाकी फुल कर, दादा!

दिवाळीला गावी गेल्यावर तुम्ही काय करता? फराळ, झोप आणि रेंज शोधत गच्चीवर फेऱ्या! माझाही प्लॅन हाच होता. पण आष्टी तालुक्यातल्या घरी पोचलो, तर दादा पिकअपचं बॉनेट उघडून उभा. गाडी भरली की चढावर दम टाकत होती. गॅरेजवाला सणाला सासुरवाडीला गेलेला आणि पहाटे पाचला वस्त्यांवरचं दूध डेअरीला न्यायचं होतं. गायींना दिवाळीची सुट्टी नसते, बॉस!

"बारक्या, तू इंजिनिअर ना? मग बदल की फिल्टर!" नवा डबा दादाने आणूनच ठेवला होता. आता पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याने काय सांगावं? गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं आणि भिडलो.

फंडा सोपा आहे. टाकीतलं डिझेल फिल्टरमधून गाळून पुढे जातं. कॉमन रेल इंजिनात ते १००० बारपेक्षा जास्त दाबाने इंजेक्टरमधून फवारलं जातं. कारच्या टायरमध्ये असतो जेमतेम दोन-अडीच बार! इंजेक्टरची भोकं जवळपास केसाएवढी. फिल्टर तुंबला की चढावर इंजिन उपाशी राहतं. पाणी पुढे गेलं तर इंजेक्टरला गंज, आणि इंजेक्टरचं बिल फिल्टरच्या कितीतरी पट.

इंजिन थंड होऊ दिलं. आजूबाजूला बिडी-काडी बंद. फिल्टरभोवतीची धूळ पुसली, कारण एक कणही आत जाता कामा नये. खाली प्लॅस्टिकची बाटली धरून ड्रेनचा स्क्रू सैल केला. पाण्याच्या सेन्सरची वायर काढली, मग चेन पान्याने जुना डबा फिरवला. त्याचं रबर वरच चिकटून राहत नाही ना, हे बघायचं. नाहीतर दोन रबरं एकावर एक बसतात आणि गळती सुरू!

दादा कॅनमधलं डिझेल नव्या डब्यात ओतायला निघाला. "थांब, ते न गाळलेलं आहे." आमच्या गाडीला हाताने दाबायचा पंप आहे. नव्या रबराला डिझेलचं बोट लावलं, डबा हाताने आवळला, पुस्तकात होता तेवढाच फिरवला. मग पंप कडक होईपर्यंत दाबत राहिलो. हवा निघाली.

"पूर्वी पाइपाचा नट ढिला करून सेल मारायचे," दादा म्हणाला. जुन्या इंजिनांना ते चालायचं. कॉमन रेलला अजिबात नाही. त्या दाबाची धार कातडी फोडून आत घुसते.

सेल मारला. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. गळती नाही. सॉलिड वाटलं, प्रोजेक्ट लाइव्ह गेल्यासारखं!

मग बाटलीकडे लक्ष गेलं. वर डिझेल, खाली चांगलं दोन बोटं पाणी.

"दादा, टाकी अर्धी रिकामी ठेवतोस का?" रात्रीच्या गारव्यात रिकाम्या टाकीतल्या हवेतला दमटपणा थेंब होऊन खाली बसतो. कॅनमधूनही पाणी येतं.

तो बाटलीकडेच बघत म्हणाला, "भाडं महिन्याला मिळतं. तोवर पाचशेचं-पाचशेचं टाकायचं. पंपावर जायला जमलं नाही, तर कॅन."

दर रविवारी फोन होतो आमचा. "कसं चाललंय?" "मजेत." माझ्या फ्लॅटच्या हप्त्याचं टेन्शन मी त्याला तासभर ऐकवतो. त्याने कधी एक शब्द काढला नाही.

पहाटे मी त्याच्यासोबत निघालो. पहिला थांबा पेट्रोल पंप. मी "फुल करा" म्हणालो, तेव्हा दादा काच खाली करून दुसरीकडे बघत होता. चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये मस्त चढली.

तुमच्याही गावी एखादी पिकअप असेल. या सुट्टीत फिल्टरखालची बाटली एकदा बघाच. आणि जुनं डिझेल गटारात ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या!