आधारविधाने आणि निष्कर्ष यांची ओळख

प्रास्ताविक

एखादे विधान पटवून देण्यासाठी इतर विधानांचा आधार घेतला जातो, तेव्हा युक्तिवाद तयार होतो. जे विधान सिद्ध करावयाचे असते, तो निष्कर्ष होय. ज्या विधानांच्या बळावर ते सिद्ध केले जाते, ती आधारविधाने होत. नेट परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत तसेच अनेक स्पर्धा परीक्षांत हा भेद ओळखावा लागतो. व्याख्या पाठ असूनही येथे गुण गमावले जातात. कारण निष्कर्षाचा शोध त्याच्या कार्यावरून न घेता जागेवरून किंवा एखाद्या शब्दावरून घेतला जातो.

विषयविवेचन

१. निष्कर्षाची जागा

निष्कर्ष नेहमी शेवटीच येतो, असे नाही. न्यायदर्शनातील पंचावयवी अनुमान पाहा. त्यात ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा प्रथम येते आणि ‘कारण तेथे धूर आहे’ हा हेतू तिच्यानंतर येतो. पुढे उदाहरण व उपनय येतात आणि अखेरीस निगमनात प्रतिज्ञेचाच सिद्ध स्वरूपात पुनरुच्चार होतो.

२. सूचक शब्द

‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यावरून’, ‘त्याअर्थी’ या शब्दांनंतर बहुधा निष्कर्ष येतो. ‘कारण’, ‘ज्याअर्थी’ यांच्यानंतर आधारविधान येते. मात्र हे शब्द केवळ खुणा आहेत. ‘ती शिक्षिका म्हणून काम करते’ या वाक्यात अनुमान नाही. ‘पाऊस पडला म्हणून रस्ता ओला झाला’ हे घडलेल्या गोष्टीचे स्पष्टीकरण आहे. याउलट ‘रस्ता ओला आहे, म्हणून पाऊस पडला असावा’ हे अनुमान आहे. कारण येथे ज्ञात गोष्टीवरून अज्ञात गोष्टीकडे आपण जातो. ‘असावा’, ‘असला पाहिजे’ ही क्रियापदांची रूपे अशा वेळी उपयोगी पडतात.

३. एका उताऱ्याचे विश्लेषण

पुढील उतारा वाचा व मुख्य निष्कर्ष शोधा.

‘शाळेची वेळ बदलणे आवश्यक आहे. शाळा सकाळी ७ वाजता भरते. वाडीवरील मुलांना एसटीशिवाय दुसरे साधन नाही आणि पहिली एसटी साडेसातला पोहोचते. त्यामुळे या मुलांना पहिल्या तासाला हजर राहता येत नाही.’

‘त्यामुळे’ हा शब्द पाहून शेवटचे वाक्य निवडण्याचा मोह होतो. आता प्रत्येक विधानाला ‘कशावरून?’ असा प्रश्न विचारा. मुलांना हजर राहता येत नाही, कशावरून? शाळेच्या व एसटीच्या वेळांवरून. म्हणजे हे विधान निष्कर्ष आहे खरे. परंतु वेळ बदलणे आवश्यक आहे, कशावरून? मुलांना हजर राहता येत नाही, यावरून. म्हणून पहिले वाक्य हा मुख्य निष्कर्ष व शेवटचे वाक्य हा मधला निष्कर्ष आहे. एकच विधान एका ठिकाणी निष्कर्ष व दुसऱ्या ठिकाणी आधारविधान असू शकते.

येथे एक आधारविधान अध्याहृतही आहे: ‘मुलांना हजर राहता येणार नाही अशी शाळेची वेळ असू नये.’ ‘गृहीतक कोणते?’ असा प्रश्न आल्यास याचाच शोध घ्यावा.

४. स्वतःचे मत बाजूला ठेवणे

प्रौढ विद्यार्थ्याजवळ अनुभवाची शिदोरी असते. या प्रश्नांत मात्र ती कधी कधी अडसर ठरते. ‘वेळ कशाला, एसटीच लवकर सोडावी’ असे तुम्हांला वाटेल आणि ते योग्यही असेल. परंतु प्रश्न तुमच्या मताविषयी नसून लेखक काय सिद्ध करू पाहतो, याविषयी आहे. न पटणाऱ्या युक्तिवादाचा निष्कर्षही अचूक ओळखता आला पाहिजे. त्याशिवाय त्याचे खंडनही करता येत नाही.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

पुढीलपैकी युक्तिवाद कोणता?
(अ) ग्रंथालय आज बंद असले पाहिजे. ११ वाजून गेले तरी दाराला कुलूप आहे.
(आ) बंद दारापाशी उभा असलेला शिपाई सांगतो, ‘ग्रंथालय बंद आहे, कारण ग्रंथपाल रजेवर आहेत.’

उत्तर: (अ). पहिले विधान निष्कर्ष व दुसरे आधारविधान आहे. (आ) मध्ये ग्रंथालय बंद असल्याचे दिसतच आहे. शिपाई केवळ त्याचे कारण सांगतो.